सासऱ्यांची सोंगटी मारायची कशी

कुपवाडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. म्हणजे पंपाचे सुटे भाग मोजायचे, माप केसभर चुकलं तरी लाल ठिपका लावून नग बाजूला ठेवायचा, आणि ज्याच्या मशीनवर तो निघाला त्याचा फुगलेला चेहरा दिवसभर बघायचा. लोकांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. तो मिळाला नसता तरी मी त्या काढल्याच असत्या, असं नवरा म्हणतो. तर अशा बाईला एका सॉफ्टवेअरनं तिच्या चुका दाखवायला घेतल्या, तेव्हा घरात काय वातावरण असेल याची कल्पना करा.

खेळाचं नाव बॅकगॅमन. आमच्या घरात त्याला तावला म्हणतात, कारण आबांनी तो त्याच नावानं आणला. आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे माणदेशातले. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन हिंडले, वडिलांनी जमेल तशी शेती केली, आणि आबा पलटणीत गेले. शांतिसेनेतून लेबनॉनला होते तेव्हा तिथल्या चहाच्या दुकानात म्हातारी माणसं लाकडी पेटी उघडून फासे आपटत बसायची. आबांना तिथली भाषा येत नव्हती, पण हे त्यांना लगेच कळलं. येताना बाकीच्यांनी अत्तरं आणली, घड्याळं आणली. आबांनी पेटी आणली. निवृत्तीनंतर साताऱ्यात घर बांधलं आणि पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, ती पेटी कायमची मांडली.

खेळ सांगायला सोपा आहे. दोघं खेळतात, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या. फासे टाकायचे, आपल्या सोंगट्या फिरवून आपल्या बाजूला आणायच्या आणि तिथून एकेक उचलायच्या. ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. दोन सोंगट्या एका घरात असल्या की त्यांना कुणी हात लावू शकत नाही. एकटी सापडली की ती मारता येते, आणि मेलेल्या सोंगटीला पुन्हा पहिल्यापासून चालत यावं लागतं. आबा माझी सोंगटी मारायचे तेव्हा ती अलगद उचलून मधल्या दांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, ‘‘चला बाई, पुन्यांदा या.’’

त्यांच्या मुलांपैकी कुणाला हा खेळ जमला नाही. नवऱ्याला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. तो तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम बघतो आणि घरातही सारखा दारं उघडून बंद करत असतो. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी पेटीकडे बघत उभी होते. आबा म्हणाले, ‘‘बस.’’ मी बसले, हरले, आणि तेव्हापासून हरतच गेले. सातारला गेलं की चहा, कंदी पेढा आणि हार, असा क्रमच ठरलेला होता.

सासूबाई गेल्या आणि आबा एकटे पडले. म्हणजे आम्ही ‘एकटे पडले’ म्हणायचो, ते म्हणायचे, ‘‘एकला हाय, पडलो कुठं?’’ मी त्यांच्या मोबाईलवर तावल्याचं ॲप टाकून दिलं. मग रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत, मी कुपवाडला कँटीनमध्ये आणि ते सातारला खिडकीत, असा एक डाव व्हायला लागला. डाव संपला की त्यांचा फोन यायचा. ख्यालीखुशाली कमी, माझ्या खेळाची टिंगल जास्त. भाजी-भाकरीबरोबर मी रोज तेवढं तोंडी लावायची.

गेल्या उन्हाळ्यात एकदा ते फार हळू खेळायला लागले. एका चालीला पाच-पाच मिनिटं. विचारलं तर म्हणाले, ‘‘नेट स्लो हाय.’’ आठवडाभर नेट स्लोच होतं. मग त्यांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा कळलं की आबा पाण्याची टाकी बघायला शिडीवर चढले होते, तिथून घसरले आणि उजव्या हाताला प्लास्टर आहे. नेट चांगलं होतं, डावा हात स्लो होता.

आम्ही गाडी काढून तडक सातारला गेलो. वाटेत, कराडच्या अलीकडेच, आमचं ठरलं होतं की आता आबांना सांगलीला, आमच्या घरी आणायचं. पुढची खोली त्यांना द्यायची, तिथं सकाळचं ऊन येतं. पण आबांसमोर उभं राहिल्यावर नवऱ्यानं जे सुरू केलं ते भाषण होतं. ‘‘आबा, तुम्ही आता इथं एकटे राहायचं नाही. हे वय आहे का शिडीवर चढायचं? उद्या कमरेचं हाड मोडलं तर? काहीतरी सोय करायला पाहिजे.’’ मी दारात उभी राहून मान डोलवत होते. आबा ऐकून घेत होते आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होत चालला होता.

‘‘मला काय धाड भरलीया?’’ ते म्हणाले. ‘‘हात मोडलाय, डोस्कं न्हाई.’’

पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नवरा चिडला, आबा त्याहून चिडले, आणि मी मधे पडून चहा केला. चहा पिता पिता आबा माझ्याकडे बघून एकदम म्हणाले, ‘‘असं करू. तुमच्यात खेळणारी ही येकच हाय. हिनं मला तावल्यात हरवावं. दिवाळीला बसू. सात डाव. हरलो तर ह्या घराला कुलूप लावतो, तुमी म्हणशीला तसं. जिकलो तर पुन्यांदा ह्यो विषय काढायचा न्हाई.’’

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. वीस वर्षांत मी आबांशी सलग दोन डाव जिंकले नव्हते. पण मला राग आला होता, आणि रागात मी ‘होय’ म्हणून टाकते. ‘‘लागली पैज,’’ मी म्हणाले.

सांगलीला परत आल्यावर राग गेला आणि आपण काय बोलून बसलो ते कळलं. ही गंमत नव्हती. मी हरले असते तर तो माणूस पुन्हा शिडीवर चढला असता, आणि पुढच्या वेळी शेजारच्या काकू काय सांगायला फोन करतील ते मला मनातसुद्धा आणवत नव्हतं. मग मी शोधाशोध केली आणि ते सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं. ॲपवर खेळलेला डाव त्यात घातला की ते प्रत्येक चाल तपासतं. बरोबर चालीला गप्प बसतं. बारीक चूक असेल तर पिवळं, घोडचूक असेल तर लाल. शेजारी लिहितं, की बाई, तुम्ही हे केलंत, करायला हवं होतं ते.

पहिला डाव घातला आणि पडद्यावर हळदीकुंकवाचं ताट उघडलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, याला काय कळतंय, फासेच वाईट पडले होते. तर त्यात नशिबाचाही एक रकाना निघाला, आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की त्या डावात नशीब माझ्या बाजूनं होतं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी कारखान्यात किती जणांना ऐकवली असेल! त्या दिवशी लॅपटॉपनं ती मला ऐकवली. मी तो बंद केला आणि गवारीच्या शेंगा मोडत बसले. नवऱ्यानं आत डोकावून विचारलं, ‘‘किती नग रिजेक्ट?’’ मी पुढची शेंग जरा जोरात मोडली.

पण कामाची सवय वाईट. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. एकाच मशीनवर एकाच जागी चूक येत असेल तर मशीनमध्ये काय बिघडलंय ते शोधायचं, एवढं मला येतं. मग मी स्वतःला मशीन समजले. सुरुवातीच्या चाली घोकल्या. भीतीनं सगळ्या सोंगट्या एका घरात रचून ठेवायची खोड सोडली. सकाळी कारखान्यात जाण्याआधी, चहा उकळेपर्यंत, परक्या माणसांशी डाव खेळायला लागले. कुणी तुर्कस्तानचा, कुणी कुठला, आपल्याला काय. संध्याकाळी ते डाव तपासायचे. पावसाळा संपेपर्यंत पडद्यावरचं कुंकू बरंच कमी झालं. हळद राहिली, पण हळद काय, आम्ही सांगलीचेच.

आणि तरी आबांशी मी हरतच होते. तुर्कस्तानच्या माणसाला लोळवून कारखान्यात जायचं आणि दुपारी कँटीनमध्ये आबांकडून मार खायचा, असं सुरू होतं. आबा फोनवर म्हणायचे, ‘‘तुज्या त्या काम्प्युटरला सांग, पगार घेतोस तर काम कर.’’ एकदा त्यांनी मधेच विचारलं, ‘‘तिकडं तावला खेळणारं कोण असंल का गं?’’ मला वाटलं टोमणा आहे. मी म्हटलं, ‘‘मी आहे की, हरायला.’’ ते हसले आणि फोन ठेवला.

दसऱ्याच्या आसपास मी एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. आबांबरोबरचे डाव आणि परक्यांबरोबरचे डाव असे दोन ढीग वेगळे केले आणि वेगवेगळे तपासायला दिले. निकाल बघून मला वाटलं, या दोन वेगळ्या बायका आहेत. परक्यांशी खेळणारी बाई बऱ्यापैकी तयार होती. आबांशी खेळणारी कालच पेटी बघितल्यासारखी खेळत होती. तिच्या लाल चुका मी एकेक करून उघडल्या. पहिली उघडली: आबांची सोंगटी एकटी होती, मारता येत होती, मारली नाही. दुसरी उघडली. तेच. तिसरी, तेच. त्यांची सोंगटी माझ्या दारात एकटी उभी आहे, माझ्या हातात बरोबर दान आहे, आणि मी कुठंतरी लांब, भलत्याच सोंगटीशी चाळा करते आहे.

मी सासऱ्यांना मारत नव्हते! आणि मला ते माहीतच नव्हतं.

मी मोठ्यानं हसले. नवऱ्याला बोलावून दाखवलं, तोही हसला. मग आम्ही दोघं हसायचे थांबलो, कारण त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. सातारच्या घरात आबांना कुणी आडवं बोलत नाही. पेपर आधी त्यांना, चहाचा पहिला कप त्यांना, ते खोलीत आले की खुर्चीवरचे पाय खाली. माझ्या माहेरी, सांगलीत, जेवताना भांडण झालं नाही तर आई विचारायची, आज कुणाला बरं नाही का. तिथून मी आले आणि आबांसमोर पदर सावरावा तशी जीभ सावरायला शिकले. एवढी शिकले की बोटंसुद्धा शिकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठरवून बसले. पहिली संधी आली. अंगठा पडद्यावर नेला आणि खरंच थांबला. शेजारी बसलेली स्टोअरमधली मैत्रीण म्हणाली, ‘‘काय झालं, पैसे कापले का?’’ मी डोळे मिटून आबांची सोंगटी मारली. मग दुसरी मारली. तो डाव मी जिंकले. फोन वाजला तेव्हा मी आधीच ‘‘चुकलं का माझं काही, आबा?’’ म्हणून मोकळी झाले.

‘‘चुकलं कशानं?’’ आबा म्हणाले. ‘‘आज लय मारलंस. मारायचंच की. ह्यो खेळ हाय, तुमचं हळदीकुकू न्हवं.’’

त्यानंतर आमचे डाव बरोबरीत यायला लागले. सॉफ्टवेअर आबांच्याही चुका दाखवायचं, ते ओघानं आलंच. आबा मारण्यात तरबेज होते, पण आपल्या मागच्या दोन सोंगट्या ते शेवटपर्यंत हलवायचे नाहीत. पुढं ओळीनं जोड्या बसून वाट अडवणारी भिंत उभी राहिली तरी त्या आपल्या जागी बसून. मी नवऱ्याला म्हटलं, बघा, खेळातसुद्धा घर सोडत नाहीत. मी भिंत बांधायला शिकले. आणि दिवाळीच्या आधी आम्ही सांगलीची पुढची खोली रिकामी केली, रंग दिला, न्हाणीघरात धरायला कड्या बसवून घेतल्या. आबांना यातलं काही सांगितलं नाही. पैजेचा विषय काढला की ते चिडतील असं वाटायचं, आणि जिंकल्यावर कळेलच की.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही सातारला गेलो. आबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, घरात बसून खेळायचं तरी पायात बूट. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण ते मनगट जरा जपून वापरत होते. घर इतकं आवरलेलं होतं की मला कौतुक वाटलं. कपाटावरची धूळसुद्धा पुसलेली. नवऱ्यानं चहा केला, जो आमच्या घरात सणासारखाच प्रसंग असतो, आणि आम्ही खिडकीत बसलो.

पहिला डाव मी जिंकला. दुसरा आबांनी. तिसऱ्यात मी त्यांच्या चार सोंगट्या मारल्या आणि प्रत्येक वेळी म्हटलं, ‘‘चला आबा, पुन्हा या.’’ आधी ते हसले. मग हसणं थांबलं. एरवी आबा खेळताना सारखे बोलतात, फाशांना शिव्या घालतात, सहा-पाच पडलं की ‘शेश-बेश’ असं लेबनॉनच्या म्हाताऱ्यांसारखं ओरडतात. त्या दिवशी चौथ्या डावापासून ते बोलायचेच बंद झाले. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला. मीही पेटले. तिसरा माझा झाला होता; चौथा आणि पाचवा त्यांचे, सहावा माझा. तीन-तीन.

सातव्या डावात मी एकही चूक केली नाही. हे मी म्हणत नाही, सॉफ्टवेअरनं नंतर सांगितलं. नवऱ्यानं मोबाईल खुर्चीला बांधून सगळी मॅच टिपून ठेवली होती. मी मारलं, भिंत बांधली, वेळेत मोडली, आणि सोंगट्या उचलायला लागले. शेवटी माझ्या दोनच उरल्या, अगदी काठावर. पुढच्या खेपेला काहीही पडलं तरी मी संपणार होते. आबांच्या चार उरल्या होत्या आणि फासे त्यांच्या हातात होते. एका खेपेला दोनच सोंगट्या उचलता येतात. फक्त दोन्ही फाशांवर सारखं दान पडलं तर दाम दुप्पट, चार उचलता येतात. मी मनात त्यांना सांगलीच्या खोलीत बसवून पेटी कुठं मांडायची तेही ठरवलं होतं.

आबांनी फासे हातात घेतले आणि घेऊनच बसले.  मग त्यांनी टाकले.

तीन आणि तीन.

त्यांनी चार सोंगट्या उचलल्या. एकेक करून, अलगद. नवरा खिडकीतून बाहेर बघायला लागला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, आणि राग आला की मी बोलून टाकते. वीस वर्षांत त्या घरात पहिल्यांदा मी आवाज चढवला.

‘‘हरले मी. कबूल. पण पैज गेली खड्ड्यात! आबा, तुम्ही आमच्याकडं चला. दुपारी तुमची चाल यायला उशीर झाला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मला नाही जमत आता हे. तुमची खोली रंगवून ठेवलीय. सांगलीला चला आमच्याबरोबर.’’

आबांनी हातातल्या सोंगट्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता संपलं, आता हे उठून आत जाणार.

‘‘तुमच्याकडं?’’ ते म्हणाले.

‘‘मग कुठं?’’

‘‘त्येच तर,’’ आबा म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. ‘‘तुमी समदी म्हणलासा, हितं ऱ्हाऊ नका. सोय करायची, सोय करायची. कुठं ऱ्हावा, त्ये कुणी म्हणलंच न्हाई. मला वाटलं, बघितला असंल येखादा वृद्धाश्रम. शिकल्याली माणसं तुमी, कामावर जाणारी. बघितलाच असंल.’’

नवरा खिडकीपासून वळला.  माझ्या डोळ्यांपुढं ते निघायच्या तयारीनं आवरलेलं घर आलं, पुसलेलं कपाट आलं, बूट आले, आणि फोनवरचं ते ‘तिकडं तावला खेळणारं कोण असंल का’ आठवलं. मी ज्या सात डावांत त्यांना घरी न्यायला खेळत होते, त्या सात डावांत ते जीव मुठीत धरून खेळत होते. आणि मी त्यांच्या सोंगट्या मारताना हसून ‘चला’ म्हणत होते.

आबांनी फासे उचलून पेटीत ठेवले, परत बाहेर काढले, परत ठेवले.

‘‘जिकलो तरी आलं तर चालतंय का?’’ त्यांनी विचारलं.